विश्लेषण : फ्लूच्या तापात घरचा काढा किती उपयोगी, मेडिकलची गोळी किती सुरक्षित?

पावसाळा सरत आला की धाराशिव जिल्ह्यात कामाची घाई सुरू होते. शिवारात सोयाबीनची काढणी, तर वाशी तालुक्यातील तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांत दिवाळीपूर्वीची धावपळ. नेमक्या याच दिवसांत घराघरांत ताप, अंगदुखी आणि खोकला शिरतो. भारतात फ्लूचे दोन हंगाम मानले जातात : एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस. दुसरा हंगाम कष्टकऱ्यांच्या कमाईच्या दिवसांवरच येतो. रोज बुडाला की पैसे बुडाले, त्यामुळे ‘उद्या सकाळी उभा राहीन असं काहीतरी द्या’ ही मागणी मेडिकलच्या काउंटरवर आणि दवाखान्यात रोज ऐकू येते. त्यातून एकाच तापावर दोन-तीन पाकिटे, वर एखादी सुई आणि घरी काढा, असे सगळेच पोटात जाते. धडधाकट माणसाचा फ्लू बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. नुकसान होते ते बऱ्याचदा या घाईने, किंवा धोक्याची लक्षणे ओळखायला झालेल्या उशिराने. म्हणूनच कोणता उपाय काय करतो आणि कुठे थांबायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

फ्लू आणि साधे पडसे यांत फरक काय?

पडसे हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका येतात, नाक वाहते. ताप नसतो किंवा अंगात कसर असते इतकेच. माणूस कुरकुरत का होईना, कामावर जातो. फ्लू मात्र एकदम गाठतो. सकाळी ठणठणीत असलेला माणूस दुपारी थंडी वाजून अंथरुणाला खिळतो. १०१ ते १०३ अंशांपर्यंत ताप, डोके ठणकणे, पाठ आणि पिंढऱ्या दुखणे, कोरडा खोकला आणि प्रचंड थकवा ही त्याची ओळख. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होऊ शकतात.

हा आजार इन्फ्लुएन्झा विषाणूंमुळे होतो. त्यातील ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रकार दरवर्षी पसरतात. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ म्हणून ज्याची धास्ती घेतली गेली, तो एच१एन१ विषाणू आता हंगामी फ्लूचाच भाग झाला आहे. एच३एन२ हा त्याचा भाऊबंद. विषाणू शरीरात शिरल्यावर १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस रुग्ण इतरांना आजार देऊ शकतो.

गोळीने फ्लू बरा होतो का?

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी कोणतीही गोळी फ्लूचा विषाणू मारत नाही. ती ताप उतरवते, अंगदुखी कमी करते, नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. विषाणूशी लढाई शरीरच लढते. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने काढलेल्या पत्रकात म्हटले होते, की हा आजार साधारण ५ ते ७ दिवस राहतो, ताप तीन दिवसांत ओसरतो आणि खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. हे वेळापत्रक लक्षात ठेवले, तर दुसऱ्याच दिवशी ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून डॉक्टर बदलण्याची किंवा नवे पाकीट आणण्याची गरज उरत नाही.

फ्लूच्या विषाणूवर थेट काम करणारे ऑसेल्टामिविर हे औषध आहे. ते शेड्यूल एच१ मध्ये येते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ते घेतल्यास जास्त उपयोग होतो. प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नसते. गरोदर महिला, वृद्ध, दमा-मधुमेह-हृदयविकाराचे रुग्ण यांच्याबाबतीत डॉक्टर त्याचा विचार करतात.

घरचे कोणते उपाय खरोखर उपयोगी?

विश्रांती आणि पाणी : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. तापात घाम आणि श्वासावाटे पाणी जाते, तहान मात्र मंदावते. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा सहा-सात तास झालीच नसेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. साधे पाणी, पातळ ताक, पेज, वरणाचे पाणी, लिंबू सरबत यांपैकी जे जाईल ते थोडे थोडे द्यावे. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

माडगे, कण्या, खिचडी : आपल्या भागात सर्दी-तापात हुलग्याचे गरम माडगे देतात. ज्वारीच्या कण्या, मुगाची मऊ खिचडीही चालते. यातून पाणी, मीठ आणि पचायला हलके अन्न एकदमच मिळते आणि वाफेने नाकालाही बरे वाटते. तापात दही, केळी किंवा भात बंद करण्याचे शास्त्रीय कारण नाही. रुग्णाला जे रुचते, ते खाऊ द्यावे.

मध : खोकल्यावरच्या घरगुती उपायांत मधाच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे. झोपण्यापूर्वी लहान मुलांना अर्धा ते एक चमचा आणि मोठ्यांना एक-दोन चमचे मध दिल्यास रात्रीचा खोकला कमी होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये. मधातील जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. मधुमेहींनी मध आणि गुळाचा काढा, दोन्ही साखरेच्या हिशेबात धरावेत.

आले, तुळस, गवती चहा, सुंठ, मिरे : यांचा गरम काढा घशाला आराम देतो, पोटात पाणीही जाते. दिवसातून एक-दोन कप पुरेत. दिवसभर मिऱ्या-सुंठीचा कडक काढा पिल्यास जळजळ आणि आम्लपित्त वाढते. काढ्यात ज्येष्ठमध सतत घातल्यास रक्तदाब वाढू शकतो; बीपीच्या रुग्णांनी ते टाळावे.

गुळण्या आणि मीठपाण्याचे थेंब : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्यास घशाची टोचणी कमी होते. लहान बाळाचे नाक चोंदले असेल, तर मेडिकलमध्ये मिळणारे मीठपाण्याचे साधे थेंब सुरक्षित असतात. दूध पाजण्यापूर्वी ते घातले की बाळाला ओढता येते.

वाफ : मोठ्यांना तात्पुरता आराम मिळतो. वाफेने विषाणू मरत नाही. पातेले खाटेवर किंवा मांडीवर न ठेवता जमिनीवर किंवा पक्क्या टेबलावर ठेवावे. लहान मुलांना गरम पाण्याच्या भांड्यावर वाकवू नये. सर्दीपेक्षा उकळत्या पाण्याने भाजण्याची इजा कितीतरी मोठी असते.

कोणते घरगुती उपाय टाळावेत?

बिब्ब्याचे तेल कातडीला लागले तरी फोड येतात. ते पोटात देणे धोक्याचे. कोविडच्या काळात कापूर, ओवा आणि लवंगाची पुरचुंडी हुंगण्याची लाट आली होती. कापूर हुंगल्याने नाकाला थंडावा वाटतो, पण रक्तातील प्राणवायू वाढत नाही. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. त्यामुळे कापूर आणि कापूरयुक्त बाम मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलांना असा बाम चोळू नये आणि कोणाच्याही नाकाच्या आत लावू नये.

बाळाला वेखंड-ओव्याची धुरी देणे, नाकात तेल सोडणे, ब्रँडीचे थेंब पाजणे, तापात गोधडीत गुंडाळून घाम काढणे हे प्रकारही थांबवायला हवेत. धुराने श्वासनलिका आणखी आकसते, तेल फुप्फुसात उतरू शकते आणि गुंडाळलेल्या बाळाचा ताप चढतो. तापात अंगावर सुती, सैल कपडे असावेत. अंग पुसायचे तर कोमट पाण्याने. बर्फाचे पाणी किंवा स्पिरिट वापरू नये.

गुळवेलीबाबतही सावधगिरी हवी. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण ज्यांना यकृताचा किंवा थायरॉइडसारखा प्रतिकारशक्तीशी जोडलेला आजार आहे, त्यांनी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.

पॅरासिटामॉल किती घ्यावे?

फ्लूच्या तापावर आणि अंगदुखीवर पहिली पसंती पॅरासिटामॉललाच. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही सगळी त्याचीच व्यापारी नावे. धडधाकट प्रौढाने एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम घ्यावे, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत ४,००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ओलांडू नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल, तर ही मर्यादा बरीच खाली येते. अशा रुग्णांना डॉक्टर साधारण २,००० ते ३,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात.

ही मर्यादा नकळत कशी ओलांडली जाते, ते पाहा. तापासाठी ६५०ची गोळी दिवसातून तीनदा : १,९५० मिलिग्रॅम. सर्दीसाठी वेगळी गोळी तीनदा. सिनारेस्ट, डी-कोल्ड टोटल यांसारख्या सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. ते ५०० धरले तर १,५००. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लॅम दोनदा; त्यात आयबुप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे ६५०. बेरीज झाली ४,१००. तीन वेगळी नावे, तीन वेगळे रंग, पण औषध एकच आणि मर्यादा पार.

जादा पॅरासिटामॉलचा घाव यकृतावर बसतो. पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही, थोडी मळमळ होते इतकेच. त्यामुळे चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील, तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. यावर उतारा उपलब्ध आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत चांगले काम करतो. पाकीट घेताना नावाऐवजी मागची बारीक अक्षरे वाचावीत. मेडिकलवाल्याला ‘यात पॅरासिटामॉल आहे का, किती?’ एवढा प्रश्न विचारावा.

ताप आहे म्हणून गोळी घ्यायलाच हवी असेही नाही. ९९-१०० अंश ताप असून माणूस बसता-उठता, खाता-पिता असेल तर नुसती विश्रांतीही पुरते.

मुलांना औषध देताना काय पाहावे?

मुलांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी प्रतिकिलो १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही, हा ढोबळ नियम. १० किलोच्या मुलासाठी ही मात्रा १५० मिलिग्रॅम होते. खरी गंमत पुढे आहे. बाजारात हेच औषध तीन तीव्रतेत मिळते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, म्हणून दीड मिली पुरते. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ३ मिली लागतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सुमारे ६ मिली. ‘मागच्या वेळी सहा मिली दिले होते’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिले, तर मुलाला चौपट औषध जाते. त्यामुळे बाटलीवरील आकडा वाचावा, सोबतचे मोजमाप किंवा सिरिंज वापरावी. घरातला चमचा वापरू नये.

तीन महिन्यांखालील बाळाला ताप आल्यास घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्यावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. विषाणूजन्य तापात त्यामुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. घरात मोठ्यांसाठी आणलेल्या डिस्प्रिनमध्ये हेच औषध असते. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११पासून बंदी आहे. उरलेल्या औषधाच्या जुन्या बाटल्या तपासून पाहाव्यात.

खोकल्याच्या सिरपबाबत तर आता शंकेला जागाच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ हे सिरप घेतलेल्या २०हून अधिक मुलांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देण्यायोग्य नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडऔषधाच्या पाकिटावर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असा इशारा छापण्याचे आदेश दिले होते.

सर्दीच्या एकत्रित गोळ्यांत काय असते?

बहुतेक गोळ्यांत तीन-चार औषधे एकत्र असतात : पॅरासिटामॉल, नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन, शिंका थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन, काहींत कॅफिन. यातील पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकावर उपयोगच होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी अशा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

क्लोरफेनिरामिनने गुंगी येते आणि हात-डोळ्यांचा मेळ मंदावतो. ही गोळी घेऊन मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवणे धोक्याचे. तेरखेड्यासारख्या गावात हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. फटाक्यांचे स्फोटक मिश्रण हाताळणाऱ्याने गुंगीची गोळी घेऊन कामावर बसणे म्हणजे स्वतःसह शेजारच्याचाही जीव टांगणीला लावणे. तापाच्या दिवसांत अशा कामावरून सुट्टी मिळायलाच हवी. ती देणे ही मालकाच्याही हिताची गोष्ट आहे.

नाक चोंदून झोप लागत नसेल, तर मोठ्यांना झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रात्री वापरता येतात. मात्र तीन ते पाच दिवसच. जास्त दिवस वापरल्यास औषधाचा असर उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि थेंबांची सवय लागते.

अँटिबायोटिक, सुई आणि सलाईनने लवकर बरे वाटते का?

अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करते. फ्लू विषाणूमुळे होतो. त्यामुळे अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन किंवा पाच गोळ्या खाऊन आलेला आराम हा बहुतेक वेळा आजार आपला आपण उतरल्याचा असतो. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या २०२३च्या त्याच पत्रकात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट यांच्या अकारण वापराबद्दल डॉक्टरांनाच सावध केले होते. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, अशी ती खूण आहे. फ्लूनंतर न्यूमोनिया किंवा कानात पू झाल्यास अँटिबायोटिकची गरज पडते, पण तो निर्णय तपासणीनंतरच.

सुईने दोन तासांत अंग हलके होते, म्हणून तिचा आग्रह असतो. ती सुई वेदनाशामक असेल तर गोळीपेक्षा वेगळे काही साधत नाही. ती डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडची असेल, तर ताप आणि वेदना दबतात, भूकही लागते. पण विषाणू तसाच राहतो, शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते आणि मधुमेहींची साखर उसळते. साध्या फ्लूमध्ये स्टेरॉइडला जागा नाही. आपल्याला कोणते इंजेक्शन दिले जात आहे, हे विचारण्याचा आणि ते चिठ्ठीवर लिहून मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

सलाईनचेही तसेच. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. त्याच आकाराच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ज्याला तोंडाने पिता येते, त्याला हे मीठ-साखर-पाणी घरातल्या पातेल्यातूनही मिळते. सतत उलट्या होत असतील, रुग्ण पिऊच शकत नसेल, तेव्हा सलाईनची खरी गरज असते.

हा डेंग्यू नाही ना?

पावसाळ्याच्या अखेरीस हा प्रश्न आधी विचारावा. डेंग्यूतही अचानक ताप आणि जबर अंगदुखी असते. खोकला आणि घसा दुखणे ठळक असेल तर फ्लूची शक्यता जास्त. डोळ्यांच्या मागे ठणक, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, पोटात दुखणे ही लक्षणे डेंग्यूकडे बोट दाखवतात. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांनाही नुसते पाहून फरक करणे कठीण जाते. म्हणून शंका मिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडांनाही इजा करू शकतात. गरोदर महिलांनीही ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत.

घरी कधी थांबू नये?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केले आहेत. ‘अ’ गटात सौम्य ताप, खोकला, घसादुखी असते. त्यांना तपासणीची किंवा ऑसेल्टामिविरची गरज नसते. घरी राहावे आणि २४ ते ४८ तासांनी प्रकृतीचा पुन्हा अंदाज घ्यावा. ‘ब’ गटात जास्त ताप आणि तीव्र घसादुखी असलेले, तसेच सौम्य लक्षणे असली तरी जोखमीचे रुग्ण येतात : लहान मुले, गरोदर महिला, ६५ वर्षांवरील ज्येष्ठ, दमा, हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा मधुमेहाचे रुग्ण. त्यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे.

‘क’ गटाने तातडीने रुग्णालय गाठायचे. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, रक्तदाब उतरणे ही त्याची लक्षणे. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर तो वापरावा. बोट गरम असताना आकडा वारंवार ९४च्या खाली येत असेल तर थांबू नये. मुलांत श्वास मोजावा. एका मिनिटात दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. बाळ दूध ओढत नसेल, छाती आत खेचली जात असेल, झटका आला असेल किंवा मूल जागे करूनही जागे होत नसेल, तर वेळ दवडू नये.

आणखी एक खूण बऱ्याचदा नजरेतून सुटते : ताप उतरून दोन दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा ताप चढला, खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तो १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. फ्लू हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार नाही आणि गंभीर लक्षणांत तास-दोन तासही महत्त्वाचे असतात, हे तेव्हापासून राज्याने पाहिले आहे. रुग्ण हलवायचा असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. वाशीचे ग्रामीण रुग्णालय आणि पुढे धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी वाट आधीच ठाऊक असावी.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी. फटाका कारखान्यांत गंधक आणि धातूच्या भुकटीत काम करणाऱ्यांनी ‘धुळीचाच खोकला आहे’ असे गृहीत धरू नये.

घरातल्या इतरांना कसे वाचवावे?

ताप औषधाशिवाय उतरल्यावर किमान २४ तास घरीच थांबावे. एका खोलीच्या घरात वेगळी खोली मिळत नाही. तरी खिडकी-दार उघडे ठेवणे, आजाऱ्याने मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधणे, त्याचा पेला-टॉवेल वेगळा ठेवणे आणि आजी-आजोबा व तान्ह्या बाळापासून अंतर राखणे शक्य असते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी आजारी मूल किंवा गरोदर महिला सोबत असेल, तर निघण्यापूर्वी दाखवून घ्यावे; कोपीवर गेल्यावर दवाखाना जवळ असेलच असे नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. गरोदर महिला, ज्येष्ठ आणि जुने आजार असलेल्यांनी ती साथ सुरू होण्यापूर्वी घेणे चांगले. सरकारी दवाखान्यात ती उपलब्ध आहे का, याची चौकशी आशा सेविकेकडे करता येते.

घरात काय ठेवावे?

यादी छोटी आहे. चालू स्थितीतला थर्मामीटर, पॅरासिटामॉलचे एकच पाकीट, मुलांसाठी मोजमापासह एकच बाटली, ओआरएसची दोन-तीन पाकिटे, मीठपाण्याचे थेंब, मध आणि मीठ. यातले काहीही चिठ्ठीशिवाय मिळते. आणखी एक गोष्ट फुकट आहे. ताप सुरू झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहावे : ताप किती, गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, किती वाजता. रात्री जागणारा बदलला तरी गोळी दुसऱ्यांदा दिली जात नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आहे की चढतो आहे, ते कळते. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर त्या चार ओळींवरून त्यांचे अर्धे काम झालेले असते.